रोहीच्या गळ्यात पट्टा

हल्ली शेतकी खात्याचा माणूस गावात गेला की त्याला पहिला प्रश्न खताचा विचारला जात नाही, बेण्याचा नाही आणि ऊसबिलाच्या हप्त्याचाही नाही. (तो दुसरा असतो!) पहिला प्रश्न असतो रोहीचा. "साहेब, रातले रोही उनात अन् समदं खाई गयात." हे वाक्य मी सोनगीर गटात इतक्या तोंडून ऐकले आहे की सांगणारा बोलायला लागला की पुढचे मीच बोलून टाकतो. पण त्यानंतर मी एक प्रश्न विचारतो आणि तिथे गाडी अडते. रोही आले कुठून आणि गेले कुठे? कोणी म्हणतो किल्ल्याच्या डोंगराकडून आले, कोणी म्हणतो नाल्यातल्या बाभळीतून. कोणी शेजाऱ्याच्या उसाकडे बोट दाखवतो आणि शेजारी याच्या उसाकडे. पाच गावांत पाच कळप आहेत की एकच कळप पाच गावे फिरतो, हे छातीवर हात ठेवून सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

मला काय म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. रोही मारा, रोही उचलून न्या, नाहीतर सगळ्या शिवाराला कुंपण घालून द्या, अशा तीन मागण्या आपल्या गटसभांत होतात. यातली कोणतीही मागणी पुढे रेटण्यापूर्वी आपल्या भागातल्या दहा-बारा रोह्यांच्या गळ्यात इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधून वर्षभर त्यांच्या फिरण्यावर नजर ठेवावी, यासाठी आपण सभासदांनी वनखात्याकडे आग्रह धरावा, आणि गरज पडल्यास कारखान्याने खर्चाचा काही वाटा उचलावा, असे माझे मत आहे. हे माझे मत आहे, संचालक मंडळाचा ठराव नव्हे. पटले नाही तर पुढच्या गटसभेत तोंडावर सांगा.

आता नुकसानीबद्दल. उसाच्या बाबतीत एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. रोही उसात खातो कमी आणि राहतो जास्त. सुरू उसाची लागण होऊन दीड-दोन महिने झाले, फुटवे निघू लागले, की तो शेंडे खुडतो, कळप फिरला की सरी तुडवली जाते, आणि खुडलेल्या जागी वाढ मागेपुढे होते. प्लॉट एकसारखा राहत नाही, तोडणीला काही ऊस पक्का आणि काही कोवळा निघतो. हे नुकसान आहेच. पण खरी मार पडते ती शेजारच्या हरभऱ्याला, गव्हाला, मक्याला, मुगाला. ऊस छातीच्या वर गेला की रोही दिवसभर त्यात बसतो आणि रात्री बाहेर पडून दुसऱ्याचे रान साफ करतो. म्हणजे एका सभासदाच्या उसात मुक्काम आणि दुसऱ्या सभासदाच्या हरभऱ्यात जेवण! यावरून दोन भावांत बोलणे बंद झाल्याचे मी पाहिले आहे. ऊसवाला म्हणतो, मी काय रोही पाळले? हरभरावाला म्हणतो, तुझा ऊस नसता तर ते आले नसते. दोघेही आपापल्या जागी खरे. (रानडुकराचे प्रकरण निराळे. तो पक्क्या उसाचे बूड कुरतडून ऊस लोळवतो, त्यावर पुन्हा कधीतरी.)

आणि रात्रीचे जागरण. कृषिपंपाची लाईट रात्रपाळीची असली की पाणीही रात्रीच भरायचे आणि राखणही रात्रीच करायची. सापविंचू, थंडी, आता तर बिबट्याचीही धास्ती. हे हाल मला समजत नाहीत असे कोणी म्हणू नये.

पट्ट्याची गोष्ट काढली की काही मंडळी हसतात. "साहेब, गळ्यात पट्टा बांधला म्हणून रोही हरभरा खायचं सोडणार आहे का?" नाही सोडणार. वजनकाट्यावर गाडी चढवली म्हणून उसाचे टन वाढत नाहीत. पण काट्याशिवाय बिल करा असे म्हणणारा सभासद मला दाखवा.

आपल्या गायी-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी नंबर असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या नंबरावरून जनावर कोणाचे, लस कधी टोचली, हे निघते. रानातल्या जनावरांसाठी याचेच पुढचे प्रकार आहेत. सर्वांत साधी असते ती चिप. तांदळाच्या दाण्याएवढी, कातडीखाली सुईने सोडतात. तिला बॅटरी नसते. वाचायचे यंत्र अगदी जवळ नेले तरच ती आपला नंबर सांगते. म्हणजे जनावर पुन्हा हातात आले, जिवंत किंवा मेलेले, तरच तिचा उपयोग. दुसरा प्रकार रेडिओ पट्ट्याचा. त्यातून टिक टिक असा संदेश निघतो आणि माणूस हातात अँटेना धरून त्या आवाजाच्या मागे रान तुडवतो. परदेशात हरणांवर हा प्रयोग १९६० नंतरच्या दशकात सुरू झाला. तिसरा प्रकार जीपीएसचा. मोबाईलवर रस्ता दाखवणारी जी व्यवस्था आहे तीच या पट्ट्यात बसवलेली असते. ठरलेल्या वेळी पट्टा आपली जागा टिपतो आणि उपग्रहावरून किंवा मोबाईलच्या मनोऱ्यावरून ती कळवतो. दर तासाला जागा टिपली तर बॅटरी लवकर संपते, दिवसातून चार वेळा टिपली तर पुष्कळ टिकते. मुदत संपल्यावर आपोआप सुटून पडणारे पट्टेही मिळतात.

ओझ्याचीही काळजी नको. जनावराच्या वजनाच्या शेकडा तीन ते पाचाच्या आत पट्टा असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. पूर्ण वाढलेला नर रोही दोनशे किलोपर्यंत किंवा त्याहूनही जास्त भरतो. एक-दीड किलोचा पट्टा त्याला आपल्या बैलाच्या घुंगरमाळेपेक्षा जड नाही. काळवीट तीस-चाळीस किलोचे, त्याला हलका पट्टा लागतो. (रोही आणि काळवीट यांना आपण हरणांतच धरतो. शास्त्राप्रमाणे ते कुरंग. चितळ-सांबराची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात, यांची गळत नाहीत. नुकसान भरपाईच्या अर्जावर मात्र जनावराचे नाव नीट लिहावे, 'हरणाने खाल्ले' एवढेच लिहू नये.)

आता आपल्याच राज्यातले, आपल्याच पिकातले उदाहरण घेऊ. ते रोहीचे नाही, बिबट्याचे आहे. पण 'उचलून न्या' ही मागणी मान्य झाल्यावर काय होते, ते त्यात पुरते दिसते.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उसात बिबट्या राहू लागला. लोकांची मागणी साहजिक होती की बिबटे पकडून जंगलात सोडा. ती मान्य झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या प्रकाराचा अभ्यास करून तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. शेतातून पकडलेले २९ बिबटे सरासरी ३९ किलोमीटर लांबच्या जंगलांत सोडले गेले होते. त्याआधी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बिबटे हलवायला सुरुवात झाल्यावर ते सतराच्या घरात गेले. हल्ल्यांत दगावणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. म्हणजे ज्या उपायासाठी लोकांनी मोर्चे काढले त्याच उपायाने दुखणे वाढवले. जनावर अनोळखी मुलखात नेऊन सोडले की ते बावरते, आपल्या घराच्या दिशेने चालू लागते आणि वाटेत माणसांच्या वस्त्या लागतात.

पुढे पकडलेल्या बिबट्यांना चिपा बसवायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे 'हा तोच की दुसरा' हे कळू लागले. आज माणिकडोहच्या बिबट्या केंद्रातून, ऊसतोडीत सापडलेली पिल्ले आईकडे परत ठेवतानासुद्धा आधी चिप सोडतात.

आणि त्या 'आजोबा'ची गोष्ट तर तुमच्यापैकी काहींनी सिनेमातही पाहिली असेल. तो सिनेमा २०१४ मध्ये आला. खरा आजोबा म्हणजे २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेला वयस्क बिबट्या. त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. सगळ्यांना वाटले घाटाच्या जंगलात सुखाने राहील. हा गृहस्थ चालत सुटला. शेते, महामार्ग, रेल्वेमार्ग ओलांडत महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाजवळ पोहोचला. वाटेत कोणाच्या अंगावर गेला नाही. पट्टा नसता तर या प्रवासाचा कोणाला पत्ता लागला नसता. सोडणाऱ्यांनी वहीत 'माळशेजमध्ये सोडला, काम झाले' असे लिहून वही मिटली असती. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला, तेव्हा त्याची ओळख चिपवरूनच पटली.

आपल्या खानदेशालाही बिबट्याचा घाव बसला आहे. २०१७ च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी एकामागून एक माणसे दगावली आणि डिसेंबरात त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत संध्याकाळनंतर रानात जायला माणूस मिळत नव्हता. अशा वेळी 'नेमका कोणता' हा प्रश्न किती महत्त्वाचा होतो ते तिकडच्या मंडळींना विचारा.

रोही माणूस खात नाही, मग त्याच्यासाठी एवढे कशाला, असे कोणी म्हणेल. त्यासाठी जरा लांब, अमेरिकेत जाऊ. टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला हजारोंनी रोही आहेत, आणि ते मूळचे आपल्याकडचेच. १९२० ते १९४० च्या दरम्यान तिथल्या किंग रँच नावाच्या अवाढव्य गुरांच्या कुरणावर प्राणिसंग्रहालयांतले रोही सोडले गेले आणि त्यांची बेसुमार पैदास झाली. मेक्सिकोच्या हद्दीवरून येणारी, गुरांना ताप आणणारी एक गोचीड आहे. तिचा बंदोबस्त तिथले सरकार पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. गुरांना औषध पाजता येते, बुडवता येते. पण रोहीच्या अंगावर बसून ती गोचीड कुठल्या कुठे जाऊ लागली. तेव्हा त्यांनी हेलिकॉप्टरमधून जाळी टाकून रोही पकडले आणि जीपीएस पट्टे बांधले. दिसले असे की एकेका रोहीचा वावर हजारो एकरांत, अनेक कुरणांच्या हद्दी ओलांडून आहे. एकाच मालकाने आपल्या हद्दीत काही केले तर फारसा उपयोग नाही. पण दुसरी गोष्ट त्याहून मोलाची निघाली. रोही कुंपणावरून उडी मारण्यापेक्षा तारेखालून सरकून जाणे पसंत करतो, आणि तेही ठरावीक जागांवरूनच. मग तिथल्या लोकांनी अख्ख्या कुरणाच्या मागे न लागता त्या सरकण्याच्या जागांवर, रोही जवळ आला की आपोआप गोचिडनाशक फवारणारी यंत्रे लावून पाहिली.

यातले आपल्या कामाचे काय? रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, हे आपल्या राखणदाराला शास्त्रज्ञाच्या आधीपासून ठाऊक आहे. तो ठरलेल्या वाटेने जातो हेही ठाऊक आहे. पण आपल्याला आपल्या बांधापुरतीच वाट ठाऊक आहे. बांधापलीकडची शेजाऱ्याला ठाऊक, त्याच्या पलीकडची दुसऱ्या गावाला. ती सगळी वाट एका नकाशावर आली म्हणजे दहा मैल कुंपणाच्या ऐवजी चार नाक्यांवर बंदोबस्त करता येतो का ते बघता येईल. आणि जो सौर झटका मशीन लावतो त्याने खालची तार किती उंचीवर घ्यायची, हेही यातून कळते. खालून वाट मोकळी ठेवून वरच्या दोन तारा ताणण्यात अर्थ नाही. हे आज, पट्ट्याची वाट न बघता, करण्यासारखे आहे.

'मारा' म्हणणाऱ्यांसाठी एवढेच. बिहारात मोकामा भागात जून २०१६ मध्ये बाहेरून शिकारी बोलावून दोनशेहून जास्त रोही मारले. देशभर वाद झाला. रोहीचा प्रश्न मात्र तिथे त्यानंतरही राहिलाच. पिकाला घातक ठरलेल्या रोहीसाठी कायद्यात अधिकाऱ्याच्या लेखी परवान्याची वाट आहे, ती मी नाकारीत नाही. पण कोणता कळप, कोणत्या शिवारात, हे न कळता दिलेला परवाना म्हणजे अंधारात काठी फिरवणे. काळवीट तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचे नावही काढू नका.

'उचला' म्हणणाऱ्यांना आता नवे बळ आले आहे, ते सातपुड्यापलीकडच्या बातमीने. मध्य प्रदेशात शाजापूर भागात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये मोठी मोहीम झाली. आफ्रिकेतल्या 'बोमा' पद्धतीने, म्हणजे नरसाळ्यासारखे निमुळते होत जाणारे कुंपण उभारून, हेलिकॉप्टरने हाकत कळप आत घेतले. ८४६ काळवीट आणि ६७ रोही असे ९१३ प्राणी पकडून गांधीसागर, कुनो, नौरादेही इथल्या जंगलांत नेले. काम मोठे आहे, कौतुकाचे आहे, गोळी न झाडता झाले आहे. आकडे मात्र पुन्हा वाचा. ८४६ आणि ६७. एवढा खटाटोप करून रोही किती हाती लागले ते पाहा. आपल्याकडे रडारड रोहीची आहे. शिवाय मोकळ्या झालेल्या रानात शेजारचे कळप किती महिन्यांत येऊन बसतात, हे पट्ट्यावाचून कळणार कसे? आपल्याकडे तापीपासून पांझरेपर्यंत, बुराईच्या काठाने, अनेरच्या अभयारण्यापर्यंत एकमेकांना लागून शिवारे आहेत. इथले बारा उचलले आणि तिथले बारा येऊन बसले तर खर्च कोणाच्या नावावर टाकायचा?

आता मी माझ्या खात्याच्या गोष्टीवर येतो, कारण मला खरी खाज तिथे आहे. ती म्हणजे तोडणी कार्यक्रम.

गाळप सुरू झाले की शिवारातला ऊस तुकड्या-तुकड्याने निघतो. नोंदीच्या तारखेप्रमाणे, जातीप्रमाणे, पक्वतेप्रमाणे आपण तोड देतो. त्यामुळे होते असे की चार बाजूंचा ऊस निघून जातो आणि मध्ये एखाद्या उशिराच्या नोंदीचा तीन-चार एकरांचा फड उभा राहतो. चार शिवारांतले सगळे रानजनावर त्या बेटात गोळा होते. मग त्या फडाच्या शेजारच्या गव्हा-हरभऱ्याची दैना विचारू नका. आणि शेवटी त्या फडात तोड सुरू झाली की टोळीतल्या बायामाणसांसमोरून रोही उधळतात, कधी डुकरे, कधी त्याहून वाईट काही. टोळीचा मुकादम मग तिथे कोयता लावायला तयार होत नाही.

माझा अंदाज असा की तोड गावाच्या बाजूने सुरू करून माळाच्या, डोंगराच्या बाजूला सरकत नेली, आणि मध्ये बेट राहू दिले नाही, तर जनावर आपोआप बाहेरच्या अंगाला सरकेल. पण हा अंदाज आहे. अंदाजाच्या जोरावर मी नोंदीच्या तारखेचा क्रम मोडला तर तुम्ही मला सोडाल का? दुसऱ्याच दिवशी चर्चा सुरू होईल की अमक्या संचालकाच्या मेव्हण्याचा ऊस आधी नेला, रोहीचे निमित्त केले. आणि तुम्ही तसे बोललात तर मी तुम्हाला दोष देणार नाही. तारखेचा क्रम हा लहान सभासदाचा आधार आहे. तो मोडायचा तर सर्वांसमोर ठेवता येईल असा पुरावा हवा. अमुक तारखेला इथला फड तुटला, दुसऱ्या रात्री कळप इकडे सरकला, असे एका हंगामाचे नकाशे गटसभेत भिंतीवर लावता आले तर मग आपण सगळे मिळून क्रम ठरवू. मला पट्टा हवा आहे तो मुख्यतः यासाठी. रोही वनखात्याचा, पण तोडणी कार्यक्रम आपल्या हातातला आहे, आणि त्याला कोणाच्या मंजुरीसाठी मुंबईला जावे लागत नाही.

यात पाण्याचाही विचार करा. तापीचे पाणी सुलवाडे बंधाऱ्यातून जामफळात आणण्याच्या योजनेचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले. ते पाणी जसजसे आपल्या शिवारात फिरेल तसतसा ऊस वाढेल, आणि वाढावा यासाठीच मला पगार मिळतो. पण पाणी आले, हिरवे आले, की जनावर येणार. जुन्नरला तेच झाले. आपल्याला निदान त्यांचा अनुभव समोर ठेवून आधी पाहणी करता येईल.

अडचणी नाहीत असे नाही. पट्टा बांधायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि हे काम जाणत्या संस्थेने, पशुवैद्यकाने करायचे असते. गावातल्या पोरांनी फासे लावून नव्हे! ही जात भित्री. पकडताना फार पळवली, उन्हात पळवली, तर अंगातली आग होऊन स्नायू निकामी होतात आणि सोडल्यावर दोन दिवसांनीही जनावर मरते. म्हणून थंडीच्या दिवसांत, सकाळच्या वेळी, थोडक्यात उरकायचे काम आहे. एखादे जनावर तरीही जाईल, हे आधीच मनाशी धरलेले बरे.

खर्चाचे म्हणाल तर चांगला उपग्रह पट्टा लाखाच्या हिशेबात जातो, आणि पकडण्याचा, माणसांचा खर्च निराळा. ऊसबिलातून कपात हा शब्द काढला की सभेत काय होते ते मी अनेक वर्षे पाहतो आहे, म्हणून कपातीचे मी म्हणत नाही. पण हिशेब तरी करून पाहा. समजा तीन लाख टन गाळप झाले आणि टनामागे पन्नास पैसे असे धरले तर दीड लाख रुपये होतात. ऊस विकासाच्या कामात हा खर्च बसतो का हे वार्षिक सर्वसाधारण सभेने ठरवावे. बाकीचा भार वनखात्याने आणि संशोधन संस्थांनी उचलावा. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने असली कामे केली आहेत. टिपेश्वरच्या ज्या वाघाला २०१९ मध्ये पट्टा बांधला होता, तो यवतमाळ जिल्ह्यातून निघून शेताशिवारांतून, नाल्यांच्या काठाकाठाने हजारो किलोमीटर फिरून आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्यात आल्याचे तिच्यामुळेच कळले. वाघासाठी जे झाले ते रोहीसाठी मागायला आपण का लाजावे? वाघाने आपले जेवढे खाल्ले नसेल तेवढे रोहीने खाल्ले आहे.

आणखी एक काळजी. पट्ट्याची माहिती रोजच्या रोज गावाच्या व्हॉट्सॲपवर आली पाहिजे अशी मागणी काही तरुण सभासद करतील. तिला माझा विरोध राहील. कळप या क्षणी कुठे आहे हे सगळ्यांना कळले की राखणदाराच्या आधी बंदूकवाला पोहोचतो. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या पट्ट्याची माहिती ज्या ई-मेलवर येत होती तिच्यात शिरण्याचा प्रयत्न झाला, आणि तो पुण्याहून झाल्याचे निघाले होते. तेव्हा नकाशा द्यावा, पण पंधरा दिवस मागचा द्यावा. आपल्याला वाटा कळायला तेवढा पुरे.

तारेत करंट सोडण्याविषयी वेगळे लिहिणार नव्हतो, पण लिहितो. विहिरीच्या मोटारीवरून उघडी तार ओढून बांधाला लावायची, हा प्रकार आपल्या कार्यक्षेत्रात होत नाही असे सगळे शपथेवर सांगतात, आणि तारा मात्र मला दिसतात. त्या तारेला रोही लागण्याआधी पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारी लागतो, नाहीतर टोळीतले लेकरू. राज्यात दर हंगामाला अशा बातम्या येतात. तोडणीपूर्व पाहणीत अशी तार दिसली तर ती निघेपर्यंत त्या फडात टोळी पाठवू नये, असे मी शेतकी अधिकाऱ्यांना लेखी सुचवले आहे. यावर रागावणारे रागावोत. झटका मशीन आणि थेट करंट यांतला फरक ज्याला समजून घ्यायचा असेल त्याने गट कार्यालयात यावे, मशीन मांडून ठेवले आहे.

पट्टे यायचे तेव्हा येतील. मागणी करायची तर हातात काहीतरी कागद हवा. म्हणून या महिन्यापासून सोनगीर गट कार्यालयात एक वही ठेवली आहे. रोही किंवा काळवीट दिसले तर तारीख, वेळ, गट नंबर, किती होते, त्यांत निळसर काळे नर किती आणि तपकिरी माद्या-पिल्ले किती, कोणत्या दिशेने आले आणि कोणत्या दिशेने गेले, एवढे लिहावे. लेंड्यांचा ढीग रोज एकाच जागी पडत असेल तर ती जागाही लिहावी. नुकसान झाले असेल तर वनखात्याकडे अर्ज उशीर न लावता स्वतः करावा. या वहीत लिहिले म्हणजे अर्ज झाला असे समजू नये. ज्यांना येणे जमत नाही त्यांनी चिटबॉयजवळ चिठ्ठी द्यावी, तो आणून देईल. वही टेबलावरच असते आणि पेन दोरीने बांधून ठेवला आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी
सोनगीर गट